उपरण्यावरची सावली

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा आईच्या सांडग्यांत उभा होता.

फेब्रुवारीतली दुपार होती. माझी सकाळची शाळा सुटली होती आणि पोरांना बाराखडी शिकवून घसा बसला होता. आईनं गच्चीवर कोहळ्याचे सांडगे घातले होते, त्यावरचे कावळे हाकलायला मला वर पिटाळलं. वर जाते तर कावळा एकही नाही. एक उंच, सावळा मुलगा मात्र होता. खांद्यावर वायरचं वेटोळं, डोळे आभाळात, आणि उजवा पाय थेट सांडग्यांच्या ओळीत.

"अहो... पाय," मी म्हटलं.

त्यानं दचकून पाय उचलला, आणि पुढच्या ओळीत ठेवला.

"कोण तुम्ही?"

"केबलवाला," तो म्हणाला. मग जरा थांबून, "म्हणजे... नवा."

'नवा' म्हणताना त्यानं मान अशी खाली घातली की माझा अर्धा राग तिथंच गेला. उरलेला अर्धा मी जपून ठेवला, कारण आमच्या घरात त्या दिवसांत नव्या केबलवाल्यावर रागावणं हे माझं रोजचं काम होऊन बसलं होतं.

त्याचं असं होतं. पोलादपुरात केबलवाला म्हणजे माझे बाबा, दत्तोपंत. बाजारपेठेत त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान. बारा वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या गच्चीवर लोखंडी जाळीची भली मोठी डिश स्वतः उभी केली, आणि झाडांवरून, कौलांवरून, नळाच्या पाइपांवरून वायर ओढत गावाला चित्रं दाखवली. गावानंही मग आपल्या पद्धतीनं त्यांचं नाव केलं. केबल बंद पडली की आमच्याकडे कुणी 'केबल गेली' असं म्हणत नसे. म्हणत, "दत्तोपंत गेले." परत सुरू झाली की, "आले, आले, दत्तोपंत आले." आई ऐन दिवेलागणीला हे ऐकून कपाळाला हात लावायची.

पुढे बाबांचे गुडघे खांबावर चढेनात. संक्रांतीच्या सुमाराला त्यांनी सगळा कारभार पनवेलच्या श्रीपतशेटला विकला. ती डिश आणि नंतर बसवलेल्या लहान डिश मात्र आमच्याच गच्चीवर राहिल्या, आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्यांची यंत्रं. त्या दिवसापासून बाबांनी गच्चीवर पाऊल टाकलं नाही. "विकलं म्हणजे विकलं," एवढंच म्हणाले आणि दुकानात जाऊन एका बिघडलेल्या रेडिओत डोकं घालून बसले.

पण केबल विकली गेली तरी आमचा फोन नंबर गावाच्या डोक्यातून थोडाच विकला जातो? श्रीपतशेटच्या माणसांनी चॅनेलांची सगळी उलटापालट केली आणि आमचा फोन दिवसभर खणखणायला लागला.

"आगो शुभे," पलीकडून तुळजाबाई. फुलांचा गजरा करता करता आयुष्यभर टीव्ही पाहिलेली बाई. "माजी मालिका कुटं गेली गो?"

"मावशी, ती आता चाळीस नंबरला आहे."

"माज्या टीव्हीला बाराच बटणं हायेत. चाळीस कुटून आणू?"

नाहीतर हैबतीकाका, गावकीचे म्होरके. "ह्या कंपनीच्या कागदावर लिव्हलंय, घरोघरी इंटरनेट देनार. तुमचं इंटरनेट नको नि काय नको. माजी कुस्ती दावा आदी."

"काका, बाबांनी केबल विकली."

"ठावं हाय. मंग सांगू कुनाला?"

खरंच, सांगणार कुणाला? कंपनीचा तक्रारीचा नंबर पनवेलचा. तो लागला तर पलीकडे गाणं वाजायचं, आणि गाणं संपलं की फोनही संपायचा.

म्हणून मी ठरवलं. तक्रारी माझ्याकडे येतात तर मी त्या वर नेऊन देईन.

"तुमचं नाव काय?" सांडग्यांतून बाहेर आलेल्या त्या मुलाला मी विचारलं.

"हर्षद. नात्याचा."

"कुणाच्या नात्याचा?"

"नाते गावचा," तो हसला. "महाडच्या पुढे. आम्हाला सगळे आधी हेच विचारतात."

"बरं, हर्षदराव. लिहून घ्या. तुळजाबाईंची मालिका चाळिसावरून खाली आणा. हैबतीकाकांची कुस्ती. पोस्टातल्या मास्तरांकडे आवाज आहे, चित्र नाही. आणि आमचे सांडगे."

तो ताठ उभा राहिला, दोन्ही हात मागे बांधले आणि अगदी पनवेलच्या गाण्यानंतर यावा तशा आवाजात म्हणाला, "आपली तक्रार नोंदवली आहे."

मला हसू आलं. ते दिसू नये म्हणून मी कावळे शोधू लागले.

मग ते रोजचंच झालं. शाळा सुटली, जेवण झालं की मी वर जायची – कधी सांडगे, कधी कुरडया, कधी नुसतीच वाळलेली ओढणी आणायचं निमित्त. तो नात्याहून मोटारसायकलवरून आलेला असायचा, केसांत धूळ. मी तक्रारी सांगायची, तो "नोंदवली आहे" म्हणायचा. पण नुसतं म्हणायचा नाही. तुळजाबाईंची मालिका दुसऱ्याच दिवशी आठ नंबरला आली. कुस्ती आली. मास्तरांच्या पत्र्यावर चढून त्यानं वायर बदलली आणि उतरताना त्यांच्या अंगणातली घोसाळी काढून दिली. मास्तरांनी तेही मला फोन करूनच सांगितलं.

"एवढं कशाला करता?" मी एकदा विचारलं. "शेट पगार तेवढाच देणार ना?"

तो यंत्रांच्या दिव्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "शेटनी शिमग्यापर्यंत मुदत दिलीय. गाव तोवर शांत झालं तर ठीक. नाहीतर इथल्या सगळ्या डिश उतरवायच्या, महाडवरून एक वायर आणून जोडायची, आणि मला पनवेलच्या गोदामात बसवायचं."

"सगळ्या डिश? ती जाळीची पण?"

"ती तर आधी. भंगार म्हणतात तिला."

मी त्या जाळीच्या डिशकडे पाहिलं. तिचा एकेक तुकडा बाबांनी वाकवला होता, आणि मी लहान असताना तिच्या सावलीत भातुकली मांडली होती. आणि मग... मग मी हर्षदकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. आम्ही दोघांनीही पटकन समोरच्या आंबेनळीच्या डोंगराकडे तोंड फिरवलं, जणू तिथंच काहीतरी घडणार होतं. डोंगरावर पांगारा लालभडक फुलला होता. मला तो त्या दिवशीच दिसला.

तेवढ्यापुरतं सगळं छान चाललं होतं. फोन कमी झाले होते. होळी दोनतीन दिवसांवर आली, आणि त्या दुपारी एकच्या सुमाराला फोन जो वाजायला लागला तो थांबेचना.

"शुभे, मुंग्या आल्या टीव्हीवर!"

"बाय, आमचं पन गेलं. ऐन मालिकेत गेलं."

"दत्तोपंत गेले गो पुन्हा..."

रिसीव्हर ठेवता ठेवता माझी नजर खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे गेली. ऊन देवघराच्या उंबऱ्यापाशी पोचलं होतं. माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला आणि मी जिना दोन दोन पायऱ्या चढत वर धावले.

हर्षद शिडीवर होता. हातात पाना, आणि तो जाळीच्या डिशचे बोल्ट सैल करत होता.

"थांबा! हात लावू नका तिला!"

"अहो, सिग्नल गेलाय. डिश हललीय बहुतेक, फिरवून..."

"हलली नाही. उतरा खाली. उतरा म्हणते ना."

तो उतरला. मी कुरडयांवर झाकलेली पांढरी मलमल ओढून काढली – कुरडया कावळ्यांच्या हवाली – आणि त्याच्या हातात एक टोक दिलं. "धरा. डिशच्या मध्यावर पसरायचं. सरळ."

"कशाला?"

"धरा तरी."

डिशच्या मधोमध, तीन दांड्यांच्या टोकावर, एक डबडं असतं. आभाळातून आलेलं सगळं त्या डबड्यात गोळा होतं आणि तिथून घराघरांत जातं. आम्ही मलमल पसरली आणि त्या डबड्याची सावली कापडावर उमटली. गोल, गडद, वाटीएवढी. अगदी मधोमध नाही, मध्याच्या जराशी वर. ती हळूहळू सरकत होती. नीट बघत राहिलं तरच कळावं इतकी हळू.

"रोज ती पडते," मी म्हटलं. "पण रोज भलतीकडेच पडते. वर्षातून दोनदाच ती इथं येते. शिमग्याच्या आसपास आणि पुन्हा पावसाळा संपल्यावर. ती इथं आली की मुंग्या येतात, पुढे गेली की जातात. बाबा इथं त्यांचं उपरणं टाकायचे आणि मला खांद्यावर घेऊन दाखवायचे. आधीपासून टीव्हीवर सांगूनही ठेवायचे सगळ्यांना... उद्यापासून दुपारी सूर्य येणार आहे, जेवून घ्या."

हर्षद सावलीकडे बघत राहिला. मग मान वर करून, डोळ्यांवर हात धरून त्यानं त्या डबड्याच्या रेषेत आभाळाकडे पाहिलं. सूर्य नेमका तिथं होता.

"हे मी शिकलोय," तो हळूच म्हणाला. "पुस्तकात आहे. परीक्षेत लिहिलंय मी. पण..."

"पण काय?"

"पाहिलं नव्हतं." त्याचा आवाज वेगळाच झाला होता. "शुभदा, तो उपग्रह कुठं आहे माहितीय? दक्षिणेला, मालदीवच्याही पलीकडे, समुद्रावर. छत्तीस हजार किलोमीटर उंच. एवढ्या लांबून तो बोलतो, आणि ही जाळी ते ऐकते. आणि आत्ता त्याच्या पाठीमागे... बरोबर पाठीमागे... सूर्य येऊन उभा राहिलाय. तो इतक्या मोठ्यानं बोलतो की उपग्रहाचं आपल्याला ऐकूच येत नाही."

मी हे सगळं लहानपणापासून बघत आले होते, पण ते किती मोठं आहे हे कुणी मला असं सांगितलं नव्हतं. मालदीव, समुद्र, सूर्य, आणि या टोकाला आमची गच्ची. मलमलीचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं त्याच्या, आणि त्यानं मला नेहमीसारखं 'मॅडम' नाही, 'शुभदा' म्हटलं होतं. ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं.

सावली पुढे सरकली. खाली कुणाच्या तरी घरातून ओरडा आला, "आले, आले, दत्तोपंत आले."

आम्ही दोघंही हसलो. कुरडया मात्र गेल्या त्या गेल्याच.

हर्षदनं पनवेलला फोन करून सगळं सांगितलं. तिथल्या साहेबांनी टीव्हीच्या तळाशी एक पट्टी फिरवली, 'तांत्रिक कारणामुळे प्रक्षेपणात व्यत्यय'. झालं. तांत्रिक कारण म्हणजे थापा, हे गावाला पाठ होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक वाजता मुंग्या आल्या आणि गाव पेटलं.

होळीच्या दिवशी दिवेलागणीला माळावर होम पेटला. आमच्याकडे होळीत वर्षभराचा राग बोंब मारून मोकळा करायचा असतो. ज्याच्यावर राग त्याच्या नावानं बोंब मारायची, आणि त्यानंही ती हसून घ्यायची, हा रिवाज. हैबतीकाकांनी हात तोंडाशी नेला.

"केबलवाल्याच्या नावानं..."

"बोंऽऽब!" अख्खं गाव.

मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. मान वर करवत नव्हती. तेवढ्यात गर्दीच्या त्या टोकाकडून एक बोंब आली, सगळ्यांपेक्षा लांब आणि सगळ्यांपेक्षा मोठी. बघते तर हर्षद. स्वतःच्या नावानं, डोळे मिटून, नरडीच्या शिरा ताणून. गाव मग जे हसलं, जे हसलं...

"आसा पायजे," हैबतीकाका त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "पन उद्या मुंग्या दिसल्या तर तुला सोडनार नाय."

त्याच वेळी, होळीच्या उजेडात, त्यानं मला शोधून काढलं आणि नजरेनंच विचारलं, 'कशी होती?' मी मान हलवली. चांगली होती. मला माझं तेव्हाच कळलं. आणि दुसऱ्याच दिवशी हर्षदला श्रीपतशेटचा फोन आला. रंगपंचमीला येतो, टेम्पो घेऊन. डिश उतरवू, तू सामान बांध.

मी वर गेले तेव्हा हर्षद पाने आणि पक्कड पिशवीत भरत होता.

"कुणाला काही सांगायची सोयच नाही," तो म्हणाला. "सूर्यामुळे टीव्ही बंद पडतो म्हटलं तर हसतील."

"तर मग सांगू नका. दाखवा."

"कुणाला?"

"सगळ्यांना. रंगपंचमीला सावली अगदी मधोमध येईल. बोलवा गावाला वर."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हा भलतंच काहीतरी बोलणार. पण तो म्हणाला, "कापड लागेल. मलमल नको, आई पुन्हा कुरडया..."

"बाबांचं उपरणं आणते."

बाबा दुकानात होते. मी उपरणं मागितलं. कशाला ते सांगितलं. ते बराच वेळ रेडिओच्या तारा चाचपत बसले.

"मी विकलंय ते, शुभा."

"सूर्य पण विकलात का?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रेडिओत डोकं घातलं. मी उपरण्याशिवायच परत आले आणि आईची पांढरी चादर काढून ठेवली.

रंगपंचमीला साडेबारापासून माणसं जिन्यानं वर यायला लागली. कुणाचे केस गुलाबी, कुणाचं कपाळ हिरवं. मी शाळेतली पोरंही बोलावली होती. तुळजाबाई पुढच्या रांगेत मांडी घालून बसल्या, हैबतीकाका हाताची घडी घालून भिंतीला टेकले. हर्षदनं खालून एक टीव्ही आणून लांब वायरीनं जोडला. त्यावर मालिका चालू होती. खाली रस्त्यावर टेम्पो येऊन थांबला आणि श्रीपतशेट घाम पुसत वर आले. एवढी गर्दी बघून त्यांना वाटलं, आपल्याला मारायलाच जमलेत सगळे. ते जिन्याच्या तोंडाशीच उभे राहिले.

मी चादर झटकली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"चादर चालत नाही. जाड पडते, दुमडते."

बाबा. एका हातानं कठडा धरून, एकेक पायरी चढून आले होते. खांद्यावर उपरणं. लोकांनी न सांगता वाट दिली. ते डिशपाशी गेले, तिच्या कडेवरून एकदा हात फिरवला, आणि हर्षदला म्हणाले, "धर रे ते टोक. शुभाला सरळ धरता येत नाही, लहानपणापासून."

उपरणं पसरलं. सावली उमटली. बाबांनी मध्यावर बोट ठेवून दाखवलं. "इथं येईल. बघत राहा. आणि टीव्हीवर पण लक्ष ठेवा."

ती गोल सावली पांढऱ्या उपरण्यावरून सरकत होती. पोरं श्वास रोखून बघत होती. टीव्हीवर सासू सुनेला काहीतरी सुनावत होती. सावली बाबांच्या बोटाजवळ आली... टेकली... बाबांनी बोट काढून घेतलं. ती त्या जागी नीट बसली, आणि सासू अर्ध्या वाक्यात फुटली, थरथरली, आणि पडद्यावर मुंग्याच मुंग्या झाल्या.

एकसुद्धा माणूस हललं नाही. साठसत्तर माणसांची ती गच्ची, खाली एरवी ओरडणारा बाजार, आणि सगळीकडे नुसती त्या मुंग्यांची खरखर. मी वर पाहिलं. डबड्याभोवती उन्हाची कड चमकत होती. तोच सूर्य रोज डोक्यावरून जातो आणि आम्ही कधी मान वर करत नाही. आज तो आमच्या घरी आल्यासारखा उभा होता, आणि पोलादपूर त्याच्यासमोर गप्प होतं.

तुळजाबाईंनी चपला काढल्या आणि हात जोडले.

"म्हंजी," हैबतीकाकांचा आवाज खाली आला होता, "तो वर, तुमचा तो उपग्रेव मदी, नि आपुन हितं... येका रेघेत?"

"हो," हर्षद म्हणाला. "आत्ता. या घटकेला."

"आपलं पोलादपूर?"

"आपलं पोलादपूर."

"आन् म्हाडला?"

"महाडलाही येतो," बाबा म्हणाले, "पण तिथं उपरणं कोण टाकतो?"

तेव्हा कुठं लोक हसले. सावली मध्यावरून सुटली. मुंग्या विरळ झाल्या, सासू परत आली, आणि कुणाच्या तरी तोंडून सवयीनं निघालं, "आले, आले, दत्तोपंत आले." बाबा डिशला टेकून उभे होते. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि ऊन लागलं म्हणाले.

हैबतीकाका श्रीपतशेटकडे वळले. "शेट, ह्या डिश उतरवायच्या नायत. ही जाळीची तर नायच नाय. आमी कायबी बोंबलनार नाय आता. फकस्त आदी सांगत जावा."

शेट मघापासून टोपी हातात घेऊन आभाळाकडे बघत होते. ते म्हणाले, "नाही उतरवत." मग हर्षदच्या खांद्यावर हात टाकला. "हा मुलगा सोनं आहे. इथं गाव शांत झालं, आता याचं इथं काय काम? रोह्याला लोकांनी माझ्या ऑफिसला कुलूप लावलंय. उद्यापासून तू रोह्याला."

टाळ्या वाजल्या. सगळ्यांना वाटलं, पोराला बढती मिळाली. डिश राहिल्या, आणि तो चालला. दोन्ही गोष्टी आम्ही दोघांनी मिळून घडवल्या होत्या.

संध्याकाळी तो पिशवी घेऊन जिन्यापाशी उभा होता. गालावर कुणीतरी लावलेला गुलाबी रंग तसाच होता.

"ऑक्टोबरमध्ये सूर्य परत येतो ना?" त्यानं विचारलं.

"तो येतो," मी म्हटलं. "माणसांचं माहीत नाही."

"आपली तक्रार..." त्यानं सुरुवात केली, पण पुढचं त्याला म्हणवलं नाही. मला ऐकवलंही नसतं.

मग रविवारी दुपारी फोन यायला लागला.

"दत्तोपंतांचं घर का? तक्रार आहे."

"कुठून बोलताय?"

"रोह्याहून."

"रोहे आमच्याकडे येत नाही."

"हीच तक्रार आहे."

एप्रिल गेला, मे गेला. पावसाळ्यात आंबेनळीत दरड पडून वीज गेली तरी फोन चालू होता, आणि तो होता. पण गौरी-गणपती झाले आणि फोन थांबला. एक रविवार, दुसरा रविवार... मी फोनजवळ वह्या तपासत बसायची आणि पोरांना कारण नसताना लाल शेरे मिळायचे. आपण होऊन विचारायला माझा मान आडवा येत होता. रात्री उशी भिजत होती, ते मानाला ठाऊक नव्हतं.

ऑक्टोबर आला. बाबा आता रोज गच्चीवर जात. आम्ही दोघांनी मिळून टीव्हीवर सांगितलं, "उद्यापासून दुपारी सूर्य येणार आहे, जेवून घ्या." सावली मध्यावर यायच्या दिवशी मी एकटीच उपरणं घेऊन वर गेले. पितृपंधरवडा चालू होता, बाबा खाली ब्राह्मणांच्या पंगतीत अडकले होते. एक टोक दगडाखाली ठेवलं, दुसरं हातात धरलं. उपरणं वाकडं पडलं. बाबांचं खरं होतं, मला सरळ धरताच येत नाही.

दगडाखालचं टोक कुणीतरी उचललं.

"असं ओढायचं," हर्षद म्हणाला.

तेवढ्यात जिन्यात धाप लागल्याचा आवाज आला आणि नऊवारीतली एक ठेंगणी बाई वर आली, हातात ओल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी.

"माझी आई," हर्षद म्हणाला. "गोदूबाई."

गोदूबाईंनी पिशवी ठेवली आणि बोट वर केलं. "आदीच सांगते. मी पोरगी बघाया आलेली नाय. पित्रुपंधरवडा हाय, आसल्या गोष्टी बोलायच्या नसत्यात. मी सावली बघाया आले. ह्यो सा म्हैनं सावली, सावली करतोय." आणि सावलीकडे पाठ करून त्या माझ्याकडेच निरखून बघत राहिल्या. "फोन मीच बंद केलावता ह्याचा. म्हनलं, घरात ठरल्याबिगर लोकाच्या लेकीला फोन करायचा नाय. आमी शेतकरी मानसं, तुमच्याकडची रीत न्यारी. ह्याच्या बापाला वळवाया येळ लागला. रागावलीस गो?"

"नाही," मी म्हटलं, आणि रडले.

"रागावली व्हती," गोदूबाई लेकाला म्हणाल्या. "घट बसलं की येते, तवा बोलू मोठ्यांशी. आता सावली बघा तुमी. मी खाली पानी पिते." त्या निघाल्या, आणि सावली न बघताच जिना उतरल्या.

उपरण्यावर ती गोल, गडद सावली मध्याकडे येत होती. खाली घराघरांत आता चित्रं थरथरत असतील, मुंग्या येत असतील. मी कान दिला. आमचा फोन वाजला नाही. गाव जेवून, सूर्याला वाट देऊन, स्वस्थ बसलं होतं.

"शुभदा," तो म्हणाला. आवाज तोच, पहिल्यांदा सावली बघितली तेव्हाचा. "पितृपंधरवड्यात बोलायचं नाही, म्हणून विचारत नाही. पण तक्रार तर देता येते ना?"

"द्या."

"रोह्यात सगळं नीट आहे. कुलूप निघालं, चॅनेल येतात, लोक चहा पाजतात. पण दुपारी एक वाजला की मला काही ऐकू येत नाही. कुणी काय बोलतंय, कळत नाही. असं मार्चपासून होतंय. आणि ते पुढे सरकत नाही."

सावली मध्यावर येऊन बसली. तिच्याखाली उपरण्याचं सूत न् सूत दिसत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. उन्हानं डोळे बारीक झालेले, केसांत नात्याची धूळ, आणि हातातलं टोक अगदी सरळ. मला वाटलं, एवढ्या मोठ्या आभाळात कुणीतरी, कधीतरी, कुणाच्या तरी नेमकं समोर येऊन उभं राहतं, ही किती विलक्षण गोष्ट आहे. मी दोन्ही हात मागे बांधून ताठ उभी राहणार होते, पण हातात उपरणं होतं. म्हणून तशीच म्हणाले,

"तुझी तक्रार नोंदवली आहे."

'तू' म्हटलेलं त्याच्या लक्षात आलं. यावेळी लगेच आलं. माझ्या हातातलं टोक सुटलं, उपरणं डिशमध्ये घसरलं, आणि खालून आई विचारत होती, पाहुण्या बाईंना चहात साखर किती घालू.